दहा श्वास

मंडळी, मागे दारात उभे आहात त्यांनी पुढे येऊन सतरंजीवर बसा. जागा आहे. पोंभुर्ण्याची माणसं आहेत, बल्लारपूरची आहेत, अहेरीहून सकाळच्या बसने निघालेलीही आहेत. सुमनवहिनी, पाहून राह्यल्या ना, तुमच्या नामदेवसाठी किती माणसं आली? नामदेव असता तर मला म्हणाला असता, "रज्जाक, पब्लिक फुल्ल आहे, सरकव पडदा."

मला बोलायला उभं केलंत. अवघड आहे. अनेक जण मला ओळखतात, पण नव्या लोकांसाठी सांगतो. मी रज्जाक, शिंपी. चौथीत शाळा सुटली. वाचायला शिकलो ते नाटकाच्या वह्यांतून. झाडीपट्टीच्या नाटकात मी तीस सीझन विंगेत बसलो. मांडीवर वही, तोंडात नटाची पुढची ओळ. प्रॉम्प्टर म्हणतात त्याला. स्वतः लोकांसमोर उभं राहून बोलायची ही पहिली वेळ, अन् हातात वही नाही. अडखळलो तर अडखळू द्या. मागून कोणी शब्द सुचवू नका. का नको, ते सांगतो.

नामदेव कोडापे आपल्या भागाचा खलनायक. धान निघालं, गावात मंडईची जत्रा भरली, की त्याचं नाटक लागलंच. सुनेला छळणारा सासरा, जमीन लुबाडणारा पाटील, सगळं त्यानेच केलं. पोंभुर्ण्याच्या बाजारात एका बाईने त्याला वांगे दिले नव्हते. म्हणाली, "आधी सुनेले घरात घे, मग वांगे ने." आठवते ना वहिनी? तो खूश होऊन रिकामी पिशवी घेऊन घरी आला होता.

आपल्याकडे नाटक कसं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. नवं नाटक, दोन तालमी, अन् थेट प्रयोग. पाठांतर कोणाचं होतं? ओळ विंगेतून येते, नट ती उचलतो, अन् आपला जीव ओतून फेकतो. नामदेव उचलण्यात सगळ्यांत तेज. माझा अर्धा शब्द झाला की त्याचं पूर्ण वाक्य होत असे.

मग एका प्रयोगात जनरेटर बंद पडला. काळोख. मला वही दिसेना. नामदेव मंचावर, समोर गावंच्या गावं बसलेली. चाळीस वेळा केलेली भूमिका. अन् त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. लोकांना वाटलं, उजेडाची वाट पाहून राह्यला. मला ठाऊक होतं, तो माझी वाट पाहून राह्यला.

सकाळी परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "रज्जाक, मी इतके वर्स बोललो, का तू बोलला?"

मी म्हटलं, "आवाज तर तुहाच होता."

"आवाज माहा होता. बाकी?"

पुढच्या सीझनला त्याने नाटक कंपनीला नकार दिला. लोक म्हणाले, म्हातारा झाला. कोणी म्हणालं, भांडण झालं. त्याने या समाजमंदिराची किल्ली मागून घेतली, अन् रविवारी सकाळी दहाला लहान पोरांना नाटक शिकवायला बसला. पहिल्या रविवारी चार पोरं आली. तीही शिकायला नाही, खलनायक दिवसा कसा दिसतो ते पाहायला. एकाने विचारलं, "तुम्ही खरंच दारू पेता का?" नामदेवने पाण्याचा गडू तोंडाला लावला अन् असा काही झोकांडला, की दोन पोरं दाराबाहेर पळाली. पुढच्या रविवारी ती दोघं आणखी सात जणांना घेऊन आली.

वर्गात वही नव्हती. तो गोष्ट सांगायचा, पोरं आपल्या शब्दांत करायची. नियम एकच. कोणी अडलं तर बाकीच्यांनी दहा श्वास गप्प राहायचं. सांगायचं नाही, हसायचं नाही, खुणवायचंही नाही. दहा श्वास. त्यानंतरही नाही सुचलं तर पोराने मदत मागायची. मागितल्याशिवाय द्यायची नाही.

मला हे पटलं नव्हतं. खरं सांगतो, लागलंही होतं. माझा अख्खा धंदाच त्याने खोटा ठरवला असं वाटलं. तरी मी कपडे शिवले. पहिल्या नाटकातलं अस्वल माझं. काळ्या घोंगडीचं.

ते नाटक शाळेच्या पटांगणात झालं. पायल तेव्हा पाचवीत होती. ती बघा, तिथे खांबाजवळ बसली आहे. ती झाली होती मोहफुलं वेचणारी म्हातारी. समोरून अस्वल आलं, अन् पायल अडली. एक श्वास. दोन श्वास. तिसऱ्याला माझ्याने राहवलं नाही. पडद्यामागून, तीस सीझनच्या सवयीने, मी ओरडलो, "अरे अस्वला, सरक माझ्या वाटेतून!"

माझा हा घोगरा आवाज. लोकांना वाटलं, अस्वलच बोललं. सगळं पटांगण हसलं. पायलचे डोळे भरले.

नामदेव माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "रज्जाक, तू बाहेर जाऊन बस." एवढंच. मी सगळ्यांसमोरून चालत जाऊन मास्तरांच्या बाजूला बसलो. तिथून पाहिलं. पायल उभीच. लोकांचं हसू थांबलं. अन् मग ती टोपली खाली ठेवून अस्वलाला म्हणाली, "तू बी मोहासाठी आला, मी बी मोहासाठी आली. त्या अंगची तू खाय, या अंगची मी वेचते. घरी पोट्टे दोघांचेबी आहेत."

कोणत्या वहीत होतं हे? माझ्या तर नव्हतं.

तरी मी तीन महिने रुसलो. वर्गाकडे फिरकलो नाही. एक दिवस नामदेव दुकानात आला, मशीनजवळच्या स्टुलावर बसला.

"कपडे नाई शिवाचे असन तर नोको शिवू. पण रविवारी येत जा."

मी म्हटलं, "येऊन काय करू? तोंडाले कुलूप लावून बसू?"

"हो. तेच काम आहे तुहं. ज्याले सारं येते तो गप बसला आहे, हे पोट्ट्यायले दिसलं पाह्यजे. मग त्यायले वाटन, आपल्याले बोलू देऊन राह्यले."

तेव्हापासून मी आलो. दर रविवारी. इतकी वर्षं ओळी देऊन मी थकलो नाही, तेवढा या गप्प बसण्याने थकलो.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात त्याला लकवा झाला. जीभ जड झाली. मी जवळ बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. शब्द येईना. मला वाटलं, पाणी. तोंडात आलंच होतं माझ्या, "पाणी पाहिजे का?" हात गडूवर गेला होता. मग वाटलं, नाही. हा त्याचा वर्ग आहे. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. वहिनी दारात उभ्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. नवव्या श्वासाला तो म्हणाला, "रविवार."

मंडळी, मी पाणी म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती. दमलेला माणूस दुसऱ्याची ओळ उचलतो. अन् मी आयुष्यभर समजलो असतो, की माझ्या मित्राला शेवटी तहान लागली होती.

काल चहाच्या वेळी दोघा-तिघांनी मला विचारलं, "रज्जाकभाई, आता समाजमंदिराची किल्ली परत देता का?" किल्ली माझ्या खिशात आहे. देत नाही. येत्या रविवारी दहाला मी दार उघडणार, सतरंजी झटकून टाकणार. पण शिकवणं मला येत नाही. मला फक्त सांगणं येतं, अन् ते त्याने बंद केलं. पायलला मी काल विचारलं, "तू घेशील का वर्ग?" ती गप्प राहिली. आताही गप्प आहे. पायल बेटा, तुझ्या वतीने मी बोलणार नाही, अन् इथला कोणीही बोलणार नाही. तुझा श्वास तू घे.

आता सगळ्यांनी उभं राहावं. लहान पोरांनीसुद्धा. दोन मिनिटं घड्याळात पाहायची नाहीत. नामदेवच्या वर्गात मोजायचे तसे दहा श्वास मोजायचे. ज्याचे त्याने.

नामदेव, आज मागून कोणी सांगणार नाही.

एक.