नारंगी जाकीट आणि गंगामायची ओटी

माझं माहेर जाफराबादकडचं. तिकडं नदी म्हणजे पावसाळ्यापुरतं पाणी अन् बाकी सारी वाळू, आम्ही पोरी नदीच्या पात्रात चिंचोके खेळायचो, म्हंजे बघा. अन् लग्न करून दिलं ते इथं, शहागडच्या खालच्या अंगाला, ऐन गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात. आईनं निघताना सांगितलं, बाई, सासूला उलट बोलू नको अन् गंगेत गुडघ्याच्या वर जाऊ नको. मी दोन्ही बी ऐकलं न्हाई.

काय सांगू तुम्हाला, तवा मी लई शहाणी व्हते. आता नाती तोंड वाकडं करकरून मोबाईलमधी फोटो काढतात, त्यांना मी काहीच बोलत न्हाई, कारण मला माझं त्या वक्ताचं तोंड आठवतं. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला अन् आम्हाला जोडीनं पलीकडच्या काठावर महादेवाला जायचं व्हतं. तवा नाव कुठली आणायची, गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती लोखंडी काहील असती ना, तीच पाण्यात सोडायची अन् तिच्यात बसायचं. गोल भांडं ते, जात्यावानी फिरायचं. आता नाव चालवतो त्या नामूचा बाप, आमच्या गावचा भोई, बांबूनं ढकलायचा. अन् आमच्या इकडची रीत अशी, की गंगेच्या बराबर मध्यात गेलं की बाईनं उभं राहायचं, गंगामायची जय म्हणायचं अन् ओटी पाण्यात सोडायची. काठावर सोडलेली ओटी तिला पोचत न्हाई म्हणायचे, जसं काही काठाशी वाहते ती दुसरीच कुणी.

संग माझी ननंद भामा व्हती, तवा परकर नेसणारी पोर. ती म्हन्ली, वहिनी, बसूनच टाक, भांडं कलतंय. मला वाटलं, ही एवढीशी मला शिकवती का. मी ताठ उभी राह्यले, पदर सारखा केला, कोण कोण पाहून राह्यलंय ते बी बघून घेतलं, अन् गेले पाण्यात. हातात सासूचं पितळंचं ताट. मी बुडून राह्यले पण ताट सोडीना, ताट हरवून घरी जाण्यापरीस गंगेत राह्यलेलं बरं, असं ते डोकं. आमचे मालक काहिलीत बसून नुसतेच अगं अगं करून राह्यले. भामानं माझा अंबाडा धरला तो थेट काठ येईपर्यंत सोडला न्हाई. केस गेले मूठभर, जीव राह्यला. अन् मी काय करावं? महिनाभर गावात सांगत फिरले, गंगामायनं मला कडेवर घेतलं व्हतं. भामा मागं उभी राहून हसायची.

आता काहिली गेल्या, नामूकडं चांगली नाव हाय. बंधाऱ्यानं पाणी बारा महिने तुंबून राह्यलंय, खोल बी झालंय. पूल हाय शहागडला, पण समोरच्या वावरात जायला पुलाचा वळसा कोण घेतो? मधी खालच्या गावाला एक नाव कलंडली, एक बाई गेली, ओटी सोडायलाच उभी राह्यलेली. मंग आमच्या शाळेवरचे गौतम सर अन् नामू भोई, दोघांनी गावातली माणसं धरून पथक काढलं. पगार न्हाई, काही न्हाई. नावंत माणसं मोजून बसवायची, अंगात तरंगायचं जाकीट घालायचं, फुगवलेली ट्यूब दोरीला बांधून तयार ठेवायची. पण बाया ऐकंनात, अन् बायांच्या अंगावरचे पट्टे आवळायचे कुणी? सर येऊन म्हन्ले, आज्जी, तुम्हीच या. मी म्हन्लं, मला पोहता येत न्हाई. ते म्हन्ले, म्हणूनच या, तुमची भीती खरी हाय.

ते जाकीट मी पहिल्यांदा घातलं तवा आमची सून तोंडाला पदर लावून आत गेली हसायला. नारंगी रंग, पुढं फुगलेलं, मी दिसत व्हते पिकल्या भोपळ्यावानी. ट्यूब फेकायचं शिकवलं सरांनी, माणसाच्या अंगावर न्हाई, त्याच्या पल्याड फेकायची, म्हंजे दोरी खांद्यावर पडती. मी सराव केला म्हशींवर. आमच्या म्हशी पाण्यात डुंबायला बसल्या की मी काठावरून फेकायची. पहिल्यांदा ट्यूब गेली बाभळीत. म्हशींनी लई सोसलं माझं, खरंच सांगते.

मंग हा आताचा धोंड्याचा महिना. भामावन्सं आल्त्या बदनापूरहून, लेक अन् जावई घेऊन, महादेवाला जायला. घाटावर मी जाकीट पुढं केलं तर म्हन्ल्या, मी न्हाई घालायची, जावयासमोर असलं सोंग, अन् गळ्यातली पोत झाकून जाती ती वेगळीच. दुसऱ्या कुणाला मी नावंतून उतरवलं असतं, हिला कसं उतरवू, जिनं मला केसाला धरून आणलं. मी काय केलं, त्यांची पोत जाकिटाच्या वर काढली, अन् जाकिटालाच हळदकुंकू लावलं. म्हन्लं, झालं का आता सवाष्णीचं? हसल्या, घातलं. पट्टे मी आवळले, जरा जास्तच आवळले, जुना हिशेब. अन् म्हन्लं, वन्सं, ओटी बसून सोडायची. त्या म्हन्ल्या, हो गं, मला नको सांगू, तुला तर मीच सांगितल्तं.

अन् मध्यात गेल्यावर नामूनं वल्हं थांबवलं, कुणीतरी गंगामायची जय म्हन्लं, अन् वन्सं उठल्या. त्यांना कळलं बी न्हाई, पायच उठले, इतक्या वर्षांची सवय. नाव कलली. वन्सं पाण्यात.

जावई पायातलं काढून उडी टाकायच्या बेतात. मी म्हन्लं, जावईबापू, खाली बसा, दुसरा बुडणारा नको मला. एवढ्या मोठ्यानं मी सासूवर बी कधी ओरडले न्हाई. बसले बिचारे. तोवर वन्सं वर आल्त्या, नारंगी, तरंगून राह्यलेल्या, पण वारा त्यांना लांब नेऊन राह्यला व्हता. मी ट्यूब फेकली, पल्याड, दोरी बराबर खांद्यावर पडली. अन् ती बाई दोरी धरीना. दोन्ही हातांनी नारळ छातीशी धरलेला.

वन्सं, नारळ सोडा.

ओटी हाय गं, मी अजून सोडली न्हाई, अशी कशी सोडू.

मला ते ताट आठवलं. मी म्हन्लं, भामे, तिचं हाय ते, तिला दे.

मी तिला भामे कधीच म्हन्लं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाह्यलं, नारळ हलकेच पाण्यावर ठेवला, जय म्हन्ली, अन् दोरी धरली. मी अन् लेकीनं ओढली, नामूनं नाव संभाळली. वर घेतल्यावर मी तिचा अंबाडा धरून ठेवला, उगाच. सोड की आता, म्हन्ली, केस जातील. मी म्हन्लं, जाऊ दे, माझे बी गेल्ते.

आता आम्ही नवी रीत काढलीय. ओटी नावंच्या कडेला बसून, हात पाण्याला लावून सोडायची, उभं राहायचं न्हाई. बाया विचारतात, पोचती का? मी म्हणते, आमच्या वन्संना विचारा, त्या स्वतः पोचवून आल्त्या. अन् वन्सं बदनापुरात स्टेशनाजवळच्या साऱ्या बायांना काय सांगतात माहितीय? गंगामायनं मला कडेवर घेतलं म्हणून. मी फोनवर म्हन्लं, वन्सं, ते वाक्य माझं हाय. त्या म्हन्ल्या, तिचं हाय.

लई दिलं मला ह्या नदीनं, ह्या माणसांनी. या तुम्ही बी एकदा पलीकडं जायला, जाकीट मी माझ्या हातानं घालीन. अन् कुठं बी असा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुमचं कुणीतरी बसलेलं राहू दे.