बाबांचा मेट्रोनोम आणि आई

अरे, परवा आईनं मला माझ्याच घरात गप्प बसवलं, तेही एका लाकडी यंत्रावरून!

बाबांचा तो जुना मेट्रोनोम. किल्ली दिली की त्याचा काटा टकटक हलतो आणि गाणाऱ्याला लय दाखवतो. अमडापुरात बाबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. पेटीवर बाबा आणि गायला आई. बाबा गेले, तसं आईचं गाणंही थांबलं. मेट्रोनोम माळ्यावर पडला आणि त्याला वाळवी लागली.

मागच्या महिन्यात मी तो खाली काढला. बुडाची फळी नवी बसवली, चिखलीच्या घड्याळवाल्याकडून स्प्रिंग बदलून आणली, लाकडाला पॉलिश केलं आणि परवा घरी टेबलावर ठेवून किल्ली दिली.

आई मेथी निवडत बसली होती. टकटक ऐकून तिचा हात थांबला. थोड्या वेळानं ती हळूच गुणगुणायला लागली, मग मोकळ्या गळ्यानं गायला लागली. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मी जागचा हललो नाही. दुसऱ्या कडव्याला मात्र तिला धाप लागली आणि ती यंत्राकडे बघून ओरडली, "अवो, हळू घ्या ना जरा! मले दम तं घेऊ द्या!"

भर कार्यक्रमात ती बाबांशी अशीच भांडायची.

लय कमी करावी म्हणून मी काट्यावरच्या वजनाला हात लावला, तर माझ्यावरच उखडली.

"तू काऊन मधात येऊन राह्यला? आमचं दोघायचं चालू हाय ना!"