रिकाम्या खुर्च्यांपुढची सुनावणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आरोग्य अधिकारी बाई, बाईंचे यजमान, आणि दाटीवाटीने बसलेले आपण सर्व.

आज तीस एप्रिल, गुरुवार. सकाळी बँकेच्या इमारतीतली लिफ्ट अडकली होती, ती सोडवली. दुपारी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि इथे आलो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. बोलायचा सराव नाही. बाईंच्या कारकुनांनी सांगितलं, "भाऊ, दोन शब्द बोलाच," म्हणून उभा आहे.

माझी ताई गेल्या वर्षी साथीत गेली. आम्ही दोघंच होतो. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. दवाखान्यात नेली तेव्हा गाडीत बसताना म्हणाली, "गॅस बंद केलास ना?" ते शेवटचं बोलणं. पुढे एक बंद पिशवी मिळाली, तिच्यावर नावाची चिठ्ठी होती. मी म्हटलं, "चेहरा दाखवा." वॉर्डबॉय म्हणाला, "काका, नियम आहे. माझी नोकरी जाईल." त्याच्याशी काय भांडणार? सही केली. पुढचं सगळं लांबून पाहिलं.

नंतर मृत्यूचा दाखला आणायला कचेरीत गेलो. शिपाई म्हणाला, डावीकडचं दार. मी उजवीकडे गेलो. आत भरपूर खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. समोर टेबलाशी बाई आणि हे कारकून. मला वाटलं, माझा नंबर पहिला आहे. बसलो.

ती आरोग्य नियमांच्या बदलांवरची जनसुनावणी होती. सूचना कचेरीच्या आतल्या फळ्यावर लावली होती. आत यायला काम लागतं, आणि काम असलेला माणूस फळा वाचत उभा राहतो का? बाई मात्र प्रत्येक कलम मोठ्याने वाचत होत्या. कचेरीत त्यांची थट्टा व्हायची म्हणे, भिंतींना कान असतात म्हणून बाई भिंतींना वाचून दाखवतात. कारकून म्हणाले, "बाई, समोर कोणी नाही, सह्या करून टाकू." बाई म्हणाल्या, "तू आहेस ना? तुझ्या घरी पाण्याची टाकी नाही? ऐक." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि हे आलेत."

पाण्याच्या टाक्या झाल्या, खानावळी झाल्या, केशकर्तनालयातले वस्तरे झाले. मी ऐकत होतो. खरं सांगायचं तर काही ऐकू येत नव्हतं. मग बाईंनी वाचलं, साथीच्या रोगातील मृतदेह बंद पिशवीत द्यावा, चेहरा दाखवू नये. आणि विचारलं, "काही हरकत?"

मी म्हटलं, "ती ताईच होती, हे कशावरून?"

मला वाटलं, आता बाई बाहेर काढतील. कारकून हळूच म्हणाले, "बाई, हा प्रश्न झाला. ही हरकत नव्हे." बाई म्हणाल्या, "हीच हरकत. त्यांचे शब्द बदलू नकोस, तसेच लिही."

माझं सांत्वन त्यांनी केलं नाही. ते बरं झालं. स्वतः उठून मला डावीकडच्या दारापर्यंत सोडलं, एवढंच.

त्यानंतर बाई दवाखान्यांत फिरल्या, डॉक्टरांशी भांडल्या. ती साथ शरीराला हात लावल्याने पसरते, काचेआडून पाहिल्याने नाही, हे त्यांच्याकडून लेखी घेतलं. आता नवा मसुदा आला आहे. पिशवीला चेहऱ्याच्या जागी पारदर्शक तुकडा असेल आणि घरच्या एका माणसाला काचेआडून पाहता येईल. त्यावर सोमवारी शेवटची सुनावणी आहे. नियम ठरवणाऱ्या समितीतल्या काही सदस्यांचं म्हणणं, पारदर्शक पिशव्यांचा खर्च कशाला, मागणी तर एकाच माणसाची आहे. त्यांचं चूक नाही. खोलीत मी एकटाच होतो. सोमवारीही तसंच झालं, तर जुना नियम राहील. आणि वाचायला बाई नसतील.

आज इथे खुर्च्या कमी पडल्या आहेत, मागे लोक उभे आहेत. यातले थोडे सोमवारी सकाळी कचेरीत आले तर? भाषण नको. नुसतं "आम्हाला चेहरा पाहायचा आहे" एवढं म्हटलं तरी ते लिहून घ्यावं लागतं. मला त्याचा उपयोग नाही. तुमच्यापैकी कोणाला तो होऊ नये असंच वाटतं, पण ते आपल्या हातात नाही.

बाई, तुम्हाला विश्रांती मिळो. आयोजकांनी मला वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभात बोलू नये असं काही बोलून गेलो असेन तर पोटात घाला. जेवणाची सोय आहे असं कळलं, पण मी निघतो. सकाळचं दूध ओट्यावर राहिलंय, ते तापवायला हवं. अर्धा लिटर एकट्याला जास्त होतं, पण दुकानात त्याहून कमी मिळत नाही.