अर्ध्या वाटेवरचा तंबू

(बर्फाळ माळावरच्या मॅरेथॉनचा अर्ध्या वाटेवरचा तंबू. नवरा खुर्चीत, त्याचा पाय बायकोच्या मांडीवर.)

बायको: अहो, मोजा ओढू देता की कात्री आणू?

नवरा: ओढ. तू ओढतेस हेच मला कळत नाहीये.

बायको: बोटं बघा, मेणाची दिसतायत. डॉक्टर म्हणाले, पुढे पळालात तर ही दोन गेलीच म्हणून समजा.

नवरा: दहा आहेत. दोन गेली तर काय बिघडलं?

बायको: चेष्टा पुरे. दोन वर्षं त्या कोल्ड स्टोरेजमध्ये पळून काय मिळवलंत?

नवरा: सवय. उणे वीसमध्ये, मटारच्या पोत्यांमधून, ड्यूटी संपली की रोज चाळीस फेऱ्या. थंडीला मी भीत नाही.

बायको: मग हे काय झालं?

नवरा: वारा. तिथे वारा कुठे होता गं? इथे तो समोरून येतो आणि थेट हाडात शिरतो. बावीस वर्षं त्या गोदामात काढली, मला वाटलं, थंडी म्हणजे एवढीच. इतकी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

बायको: हात दाखवून अवलक्षण. चला, गाडी उभी आहे.

नवरा: नाही. एकवीस किलोमीटर झाले, तेवढेच राहिले. पोरगी दरवर्षी इथे पळते, एव्हाना पोहोचलीही असेल. मी लंगडत का होईना, तिच्यासमोर शेवटची रेषा ओलांडणार. मग बोलेल ती. सहा वर्षं झाली, आता तरी बोलेल.

बायको: ती आलेली नाही.

नवरा: कुणी सांगितलं?

बायको: तिनेच. यादीत तुमचं नाव पाहिलं आणि स्वतःचं काढून घेतलं. आपण निघायच्या आदल्या दिवशी फोन आला होता.

नवरा: आणि तरी तू मला विमानात बसवलंस.

बायको: काय करणार? गारठून घरी यायचात आणि जेवताना हसायचात. त्याआधी चार वर्षं आपल्या घरात कुणी हसलं नव्हतं. माझी जीभच रेटेना.

नवरा: काय म्हणाली?

बायको: राहू द्या ना.

नवरा: सांग.

बायको: म्हणाली, निवड चाचणीत दोनशे मीटर उरले होते, तेव्हा बाबांनी हाताला धरून मला बाहेर ओढलं. आता ही एक शर्यत माझी होती, तर तिथेही आले.

नवरा: कोसळणार होती ती. ओठ पांढरेफटक पडले होते. बाप आहे मी, बघत बसू?

बायको: ते तिलाही कळत असेल. पण ती विसरत नाही, आणि विसरेल असं मला आता वाटत नाही.

नवरा: चुकलं, एवढंच म्हणायला आलो होतो गं.

बायको: हो.

नवरा: दोन वर्षं तेच घोकत होतो पळताना.

बायको: पाय झाकते. ड्रायव्हर हाक मारतोय.

नवरा: डॉक्टरांना सांग, मी पुढे पळत नाही. आणि तिला कळव.

बायको: काय कळवू? बोटांचं?

नवरा: बोटांचं नको. म्हणावं, पुढच्या वर्षी यादीत माझं नाव नसेल. तिने खुशाल पळावं.