न हललेला शुक्रवार

(ग्रीसमधलं थेसालोनिकी. विद्यापीठाच्या ग्रंथालयातला संगणकांचा कोपरा. ग्रीकांच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स, ईस्टरच्या आधीचा गुरुवार.)

मेल्पो : मग मला सांग, सण तोंडावर आलेला असताना तू इथं काय करतेयस? आज घरोघरी अंडी रंगवतायत. माझे हात बघ, केव्हाची घासतेय तरी लाल ते लालच. आणि ग्रंथपालांच्या हातांना रंग शोभत नाही म्हणे.

इव्हान्थिया : एकच काम राहिलंय, मेल्पोबाई. प्रबंधात या वर्षीचे आकडे जोडायचेत. ते मिळाले की तुमचं ग्रंथालय तुम्हाला लखलाभ.

मेल्पो : लखलाभ कसलं, कुलूप लावायचंय मला. सरक जरा. कोणता निर्देशांक?

इव्हान्थिया : अथेन्सच्या शेअर बाजाराचा मुख्य. रोजचा. जानेवारीपासून कालपर्यंत.

मेल्पो : नुसतं अथेन्स टाकलं की ढीगभर नावं येतात बघ. बँकांचा वेगळा, मोठ्या कंपन्यांचा वेगळा, लाभांश धरून काढलेला वेगळा. मागं एका पोरानं न बघता लाभांशवाला उचलला आणि प्रबंधभर आपला देश श्रीमंत करून ठेवला.

इव्हान्थिया : लाभांश न धरलेला घ्या. हा, हाच.

मेल्पो : येतोय. तोवर तुझा तो शोध एकदा नीट सांग. तुमचा अख्खा विभाग नाचतोय, मी आपली मान डोलावते आणि पुढं जाते.

इव्हान्थिया : सोपं आहे. कॅथलिकांचा ईस्टर आणि आपला ईस्टर बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशी येतो. त्यांच्या गुड फ्रायडेला लंडन, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क, सगळे घरी. आपल्याकडं मात्र तो साधा कामाचा शुक्रवार. मी गेल्या कित्येक वर्षांतले ते शुक्रवार आणि त्यांच्या पुढचे सोमवार वेगळे काढले. आणि काय निघालं? आपला बाजार त्या दिवशी हलतच नाही. तसूभरसुद्धा नाही.

मेल्पो : म्हणजे काय म्हणायचं?

इव्हान्थिया : म्हणजे आपला बाजार आपण चालवतच नाही. बाहेरचे चालवतात. ते रजेवर गेले की आपण जागच्या जागी थिजतो.

मेल्पो : आणि यावर तुझे सर खूश.

इव्हान्थिया : खूश? खुर्चीतून उठले. त्यांच्यामुळंच व्हिएन्नाच्या परिषदेत बोलायला मिळतंय. सणानंतरच्या आठवड्यात. तिथं आवडलं तर पीएच.डी.ची जागा तिथंच मिळेल. दीड वर्ष मी दुसरं काही केलेलं नाही, मेल्पोबाई. मैत्रिणींच्या लग्नांत फक्त जेवून परत आलेय.

मेल्पो : मग घरी काय थाट असेल. तुझे वडील, पाद्रीबुवा, तर गावात कॉलर ताठ करून फिरत असतील.

इव्हान्थिया : तो विषय नको.

मेल्पो : का गं?

इव्हान्थिया : बाबांना ते अजिबात पटलेलं नाही. कार्निव्हलला घरी गेले होते तेव्हा सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, पलीकडचे लोक सुटीवर गेले म्हणून आमच्या छातीतले ठोके थांबतात, असं तुझं शास्त्र सांगतं का? माणसं काय दोरीवर नाचतात? मीही चिडले. म्हटलं, प्रवचनात आकडे नसतात, म्हणून तुम्हाला सगळं सोपं वाटतं.

मेल्पो : असं म्हणालीस? बापाला?

इव्हान्थिया : म्हणाले. तेव्हापासून फोनवर हवापाण्याच्या गप्पा. आज गाडी घेऊन न्यायला येतायत. दोन तासांचा रस्ता आहे, कसा काढायचा ते कळत नाहीये. हं, आले आकडे. हे बघा, मागचाच शुक्रवार, त्यांचा गुड फ्रायडे. गुरुवारी जेवढा होता तेवढाच शुक्रवारी. सोमवारी पुन्हा तेवढाच. बघितलंत? याही वर्षी.

मेल्पो : चष्मा लावू दे. टिंबाच्या पुढचे आकडेही तेच?

इव्हान्थिया : तेच.

मेल्पो : अगं, मी काट्यावर लागोपाठ दोनदा उभी राहिले तर माझं वजन सारखं येत नाही. आणि एवढा बाजार तीन दिवस तंतोतंत तोच?

इव्हान्थिया : तीच तर यातली गंमत आहे. इतका स्पष्ट निकाल कुणाला मिळतच नाही. इतका स्पष्ट... थांबा.

मेल्पो : काय झालं?

इव्हान्थिया : उलाढालीचा रकाना जोडता येतो ना? दिवसभरात किती शेअर विकले गेले, तो.

मेल्पो : येतो की. इथं खूण कर. आला. गुरुवारचा आकडा आहे. शुक्रवार रिकामा.

इव्हान्थिया : शून्य आहे की रिकामा आहे?

मेल्पो : रिकामा. काहीच लिहिलेलं नाही. सोमवारही तसाच. तुझा चेहरा का असा झालाय? पाणी देऊ?

इव्हान्थिया : मेल्पोबाई, बाजार उघडलाच नव्हता.

मेल्पो : काहीतरीच. मागच्या शुक्रवारी मी मंडईत जाऊन ऑक्टोपस आणला. शाळा चालू होत्या, बस चालू होत्या, आपला कुठला सण होता?

इव्हान्थिया : मंडई चालू. शेअर बाजार बंद. त्यांच्या साइटवर बघते. सुट्या... आहे. त्यांचा गुड फ्रायडे, त्यांचा सोमवार. मग आपला गुड फ्रायडे, आपला सोमवार. दोन्ही ईस्टर पाळतात. दर वर्षी पाळतात.

मेल्पो : मग बंद दिवशी हा आकडा आला कुठून?

इव्हान्थिया : डेटाबेस आदल्या दिवसाचा आकडाच पुढं ओढून ठेवतो. जागा रिकामी दिसू नये म्हणून.

मेल्पो : हां, ते खरं. सेटिंगमध्ये असते ती खूण, सुटीचे दिवस भरून द्या म्हणून. ती आधीपासून लावलेलीच येते. इतकी वर्षं झाली, काढून दे असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही काढली नाही.

इव्हान्थिया : आपल्या ईस्टरच्या सुट्या मी पहिल्याच दिवशी हातानं वगळल्या होत्या. तेवढी अक्कल होती. पण परक्यांच्या सणाला आपला बाजार बंद असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

मेल्पो : आणि सरांच्या?

इव्हान्थिया : सरही इथलेच, कोझानी गावचे. गुड फ्रायडे म्हटलं की त्यांना आपलीच फुलांची मिरवणूक आठवते. दुसरा गुड फ्रायडे असतो हे आम्हाला माहीत होतं, पण तो आपल्या दारात येतो हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मेल्पो : म्हणजे दीड वर्ष तू कुलूप लावलेल्या दुकानासमोर उभी राहून विचार करत होतीस, आत गिऱ्हाईक का नाही.

इव्हान्थिया : हसू नका.

मेल्पो : हसू नको तर काय करू? तूही हसतेयस.

इव्हान्थिया : मी रडतेय.

मेल्पो : दोन्ही चाललंय. घे, तिळाचा हलवा खा. उपासाला चालतो. आता काय करणार?

इव्हान्थिया : सरांना लिहिते. व्हिएन्नाला कळवते की माझं नाव काढा. मग घरी जाऊन कोकराला मसाला लावते, तेवढं तरी बिनचूक जमतं मला.

मेल्पो : लिही बाई, खरं ते लिहायलाच हवं. पण मला एक कळत नाही. या बाहेरच्या लोकांना वर्षभरात दुसरी सुटीच नसते का?

इव्हान्थिया : असते ना. पण मी ईस्टरच धरला होता, कारण... कारण तो सगळ्यांचा एकदम येतो. तशा वेगवेगळ्या आहेत. ऑगस्टच्या शेवटी एक सोमवार लंडन बंद असतं. नोव्हेंबरात एक गुरुवार अमेरिका बंद.

मेल्पो : आणि आपण?

इव्हान्थिया : आपण चालू. मेल्पोबाई, आपण चालू असतो. खुर्ची द्या. ती भरून द्यायची खूण आधी काढा. आणि उलाढाल राहू द्या समोर, मला आता रिकाम्या जागेवर विश्वास नाही.

मेल्पो : काढली. वाचून दाखवू? मला यातलं वर आणि खाली एवढंच कळतं.

इव्हान्थिया : तेवढंच वाचा. मागच्या सगळ्या वर्षांतले ऑगस्टचे ते सोमवार घ्या.

मेल्पो : वर. वर. खाली. वर. हा तर चांगलाच खाली. पुढचा परत वर.

इव्हान्थिया : उलाढाल?

मेल्पो : भरलेली आहे. इतर दिवसांपेक्षा पातळ दिसतेय, पण आहे.

इव्हान्थिया : आता नोव्हेंबरचे ते गुरुवार.

मेल्पो : खाली. वर. वर. हा जरासाच. हा बघ, चांगली उडी मारलीय. काय गं, कशाला मिठी मारतेयस, चष्मा पडेल माझा.

इव्हान्थिया : चालतोय तो. बाहेरचे घरी बसले तरी चालतोय. जरा रमतगमत, पण स्वतःच्या पायांनी. मी म्हणत होते त्याच्या बरोबर उलटं.

मेल्पो : मग आता हे नाचवायचं व्हिएन्नात?

इव्हान्थिया : लगेच नाही. अजून नीट तपासायचंय. पण बोलण्यासारखं आहे, खूप आहे. सरांना आत्ताच लिहिते. आधी चूक, मग हे. पाठवलं. देवा, ते आता गावी चर्चमध्ये असतील. सणाच्या दिवशी मी त्यांना... आलं उत्तर.

मेल्पो : चर्चमध्ये नाहीत तर. वाच.

इव्हान्थिया : ‘शून्य फरक बघून मीच टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हा आधी माझाच कान पिळायला हवा. हा निकाल मला जास्त आवडला. व्हिएन्नात सुरुवात चुकीपासूनच कर. आपल्यासारखे बरेच असतील तिथं. आता घरी जा.’

मेल्पो : चांगला माणूस. मला उगाच वाटायचं की पुस्तकं वेळेवर परत करत नाही तो चांगला नसेल.

स्तेर्गिओस : (दारातून आत येत) इथं मोठ्यानं बोलायला बंदी असते असं मी ऐकून होतो. जिन्यात हसू ऐकू येतंय.

मेल्पो : या, पाद्रीबुवा. सण सुखाचा जावो. ही तुमची लेक, सांभाळा. आज ती एकदा रडली आणि तिनं मला दोनदा हसवलं.

स्तेर्गिओस : तुम्हालाही सुखाचा जावो, बाई. इव्हान्थिया, चल. गाडी जिथं लावू नये तिथं लावलीय. पोलीस माझा झगा बघून गप्प बसलाय, फार वेळ बसायचा नाही.

इव्हान्थिया : बाबा, आधी दोन मिनिटं बसा. मला एक सांगायचंय. गाडीत सांगितलं तर तुम्ही रस्ता सोडून माझ्याकडं बघाल.

स्तेर्गिओस : बसलो.

इव्हान्थिया : मी चुकले होते. आपला बाजार थिजत नाही. त्या दिवशी तो बंदच असतो. दोन्ही ईस्टरला बंद. जे दिवस बाजाराला नव्हतेच, त्यांच्यावरून मी तुमच्याशी भांडले.

स्तेर्गिओस : नव्हतेच?

इव्हान्थिया : नव्हतेच. आणि जे होते ते आत्ता बघितले. बाहेरचे सुटीवर असतात तेव्हाही आपला बाजार चालतो. तुम्ही म्हणत होतात तसंच. आता म्हणा, मी सांगितलं होतं म्हणून. आज ऐकून घेईन.

स्तेर्गिओस : ते नंतर. व्हिएन्ना?

इव्हान्थिया : जातेय. सर म्हणाले, चुकीपासूनच सुरुवात कर. आणि बाबा, ते प्रवचनाचं मी जे बोलले, ते बोलायला नको होतं.

स्तेर्गिओस : प्रवचनात आकडे नसतात हे खरंच आहे. हं.

इव्हान्थिया : नुसतं हं? मला वाटलं तुम्हाला आनंद होईल.

स्तेर्गिओस : झाला. खूप झाला. तू जातेयस याचा तर जास्तच. पण माझी पंचाईत झाली ना.

इव्हान्थिया : तुमची कसली पंचाईत?

स्तेर्गिओस : आर्गिरिसशी मी बोलत नाही. महिना होऊन गेला.

इव्हान्थिया : बेकरीवाला आर्गिरिस? तुमचा लहानपणापासूनचा मित्र?

मेल्पो : मग पाव कुठून आणता?

स्तेर्गिओस : शेजारच्या गावातून. बायको रोज बोलते मला.

इव्हान्थिया : पण झालं काय?

स्तेर्गिओस : कॉफीच्या दुकानात विषय निघाला. तो म्हणाला, तुझ्या लेकीचं काहीतरी चुकतंय, बाजार असा कधी थांबतो का. मी म्हटलं, तिच्याकडं वर्षानुवर्षांचे आकडे आहेत, तू आपला पाव भाज. मग मास्तरही त्याच्या बाजूनं बोलायला लागले. एकेक करत सगळे त्याच्याच बाजूनं. मी टेबलावर हात आपटला. कप फुटला. आता सणाच्या आधी जाऊन माफी मागायला हवी. सगळ्यांची. चल, ऊठ, आज रात्रीच्या प्रार्थनेआधी गाठतो त्यांना.

इव्हान्थिया : थांबा. तुम्ही माझ्या बाजूनं भांडलात? तुम्हाला तर माझं म्हणणं पटलंच नव्हतं. घरी जेवणावरून उठलात.

स्तेर्गिओस : नव्हतंच पटलं. पण घरी तुझी बाजू मांडायला तू होतीस. तिथं कोण होतं?