मोजलेलं कोरं पान

—नाही, नाही, ते पान काढू नका. कोरं आहे म्हणून काय झालं? पानाचा आकडा तेवढा पुसा. हो, मघाशी पुसलात, पाहिलं ना मी — पण मजकूर जरा हलवलात आणि तो पुन्हा उगवला, बघा, तळाशी, एकटाच! अहो, अंगाईगीतांचं पुस्तक आहे माझं. पहिल्या अंगाईच्या आधी रिकामं पान आणि खाली नुसता आकडा — पाळणा हलतोय आणि आत कुणी नाही, असं दिसतं ते.

काय म्हणालात? मोजायचं, पण दाखवायचं नाही? वा! तुमच्या छापखान्याच्या अक्षरजुळणीत जो नियम, तोच लोकरूढीत. आयुष्यभर बायकांकडून अंगाया गोळा केल्या मी; मुलं किती, असं विचारलं की त्या क्षणभर थांबतात. गेलेल्या मुलाचा उच्चार करायचा नाही, पण मोजणीतून त्याला वगळायचंही नाही — जागा राखली, की ते मूल ती मागायला येत नाही. प्रस्तावनेत हे सारं मी साधार मांडलंय. आणि माझ्याच घरात —

हसाल तुम्ही. मला घरी सगळे 'धाकटी' म्हणत. धाकटी जेवली का, धाकटी कुठे उलथली — आणि मी एकुलती एक! कुणाहून धाकटी, हा प्रश्न संशोधक म्हणवणाऱ्या या बाईला कधी पडलाच नाही. परवा आईच्या उशाशी बसले होते. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. माझा हात धरून म्हणाली, "आलीस, थोरले?" — आणि अंगाई म्हणू लागली. मला कधीच न म्हटलेली. मी... मी 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून 'धाकटे' अशी हाक आली, की आधी थांबते मी — दुसरं कुणी ओ देतंय का, ऐकते. भीती नव्हे, छे! पण हे पान काढलंत, तर मागचं प्रत्येक पान एकेक घर पुढे सरकेल आणि माझी पहिली अंगाई थोरलीच्या जागेवर जाऊन बसेल. ते नको. आता तरी नको.

काय? कोरं ठेवण्यापेक्षा तिचं नाव घालू? — विचारलं हो मी आईला, थोरलीचं नाव काय ठेवलं होतंत म्हणून.

तिनं माझंच सांगितलं.

— पुरे झालं. पाठवा छपाईला.