तीन शिखरांवरचा चुना

सातपुड्याच्या माथ्यावरून कोवळे ऊन सावकाश उतरले, जळगाव जामोदच्या मोटारतळावरच्या निंबावर रेंगाळले, उभ्या बैलाच्या शिंगांवरून ओघळले आणि अखेर दिगंबरच्या धुळकट बुटांपाशी येऊन निवांत पडले. नांदुऱ्याची मोटार अजून आली नव्हती. त्याला पाठमोरे बसून दोघे बोलत होते.

“काऊन बे कडूबा, तो डोंगर चढणारा पोट्टा कोण होय?”

“काय मालूम, रहेमतुल्लाभाई. संगं ढोर नाही, कुऱ्हाड नाही. एकटाच चढते अन् वरून आमचं खोरं पाहत राह्यते.”

“हवा खात असन.”

“खाली काय हवा नाही? तिन्ही शिखरांवर दगडं रचून चुना लावला त्यानं. आमची मनकर्णाबाई म्हणे नवस असन. फुलं वाहून आली म्हातारी.”

“मले तर गाडलेल्या धनाची खूण वाटते.”

“धनाची खूण लपवतेत, भाई. कोसावरून दिसन अशी पांढरी नाही करत.”

“मंग?”

“पल्याडच्या खोऱ्यात असेच ढीग लागले होते. दुसऱ्या साली जंगलाचा शिपाई आला. आता गाय आत गेली का थेट कोंडवाड्यात.”

“तुह्या गाई कुठी चरतीन मंग?”

“हेच त्याले इचाराचं हाय. भेटू तर दे.”

दिगंबरने चुन्याने फुटलेली बोटे हळूच कोटाच्या खिशात घातली. शिखरांच्या ओढीनेच आपण ही मोजणीची नोकरी धरली, असे तो आजवर स्वतःला सांगत आला होता.

त्याच मोजणीवरून पुढच्या पावसाळ्यापासून कडूबाच्या खोऱ्यात गाईंना चराई बंद होणार होती.